तिच्या नावावरचं मत

एकोणीसशे सत्तावन्न साल. मी एकोणतीस वर्षांचा होतो. घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी आमच्या तीन चाळी होत्या, त्यातल्या मधल्या चाळीत माझी खोली. विक्रोळीच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या खात्यात कामाला होतो. शाळा म्हणाल तर गावी तिसरीपर्यंत. पण छापलेलं वाचता येतं, लिहिता येतं, आणि हे सगळं मी माझ्या हातानं लिहितोय. कुणाकडून लिहून घेतलेलं नाही.

लिहायचं कारण एवढंच की त्या साली म्युनिसिपालटीची निवडणूक झाली आणि तीत मी आमच्याच माणसाच्या पायात पाय घातला असं चाळीत अजून बोलतात. बोलणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते. तर काय झालं ते सांगतो. पटलं तर पटलं.

आमचा माणूस म्हणजे डॉक्टर. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. कुठल्या पक्षाचे नव्हते, स्वतंत्र उभे राहिले होते, चिन्ह छत्री. समोर कोळशाच्या वखारीचा मालक, त्याचं चिन्ह शिडी. आणखी दोघेतिघे होते, पण ते नावापुरते. आम्हा चाळवाल्यांना डॉक्टर हवे होते ते नळासाठी. तीन चाळींत मिळून एक नळ. पहाटे पाणी यायचं आणि उजाडलं की धार बारीक व्हायची. बायका अंधारात उठून कळशा, हंडे, डबे रांगेला लावायच्या आणि भांडायच्या. डॉक्टर म्हणाले होते, निवडून आलो तर दुसरा नळ. वखारवालाही म्हणाला होता, पण वखारवाल्याच्या स्वतःच्या अंगणात नळ होता, त्याला कशाला घाई.

माझी बायको त्या शिमग्याच्या सुमाराला गेली. विषमज्वर झाला. डॉक्टर दोनदा घरी येऊन गेले, मग हॉस्पिटलात न्या म्हणाले, नेली, आणि तिथून परत आणली ती तशीच. मूल नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती.

त्यानंतरचं मला फारसं सांगता येत नाही, कारण सांगण्यासारखं काही होत नव्हतं. तेरावं झालं आणि मी पहिल्या पाळीला गेलो. पत्रा घालायचा, पायानं यंत्राची पट्टी दाबायची, तुकडा काढायचा. खात्यातले लोक येऊन चार शब्द बोलून जायचे, मी मान हलवायचो. मी रडलो नाही याचीही चाळीत चर्चा झाली. एक म्हातारी म्हणाली, "दगड आसा मेलो." तिला तरी काय सांगणार. मला भूक लागायची, झोप यायची, कामात चूक होत नव्हती. फक्त सगळं पलीकडच्या खोलीत चाललंय आणि मी भिंतीला कान लावून बसलोय असं वाटायचं.

तिची कळशी दाराशी पालथी पडली होती. पितळेची, माहेरची. आंघोळ मी कारखान्यात करायचो, चहा नाक्यावर. प्यायला पाणी शेजारची काकी एक तांब्या भरून ठेवायची. या काकीचं आणि बायकोचं गूळपीठ होतं. दोघी नळावर बरोबर जायच्या आणि बरोबर भांडायच्या.

आता यादीचं सांगायला हवं. आदल्या वर्षी मतदारयादीवाला माणूस चाळीत येऊन गेला. मी कामावर होतो. त्यानं माझ्या बायकोला नवऱ्याचं नाव विचारलं. ती कसं सांगणार? तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं. तिनं काकीला हाक मारली, काकीनं माझं नाव सांगितलं. त्या माणसानं माझं नाव लिहून घेतलं आणि खाली लिहिलं, 'याची बायको'. संध्याकाळी मला कळलं. मला राग आला. तिला एकवीस पूर्ण झाली होती, मत द्यायचा हक्क होता, आणि हा माणूस तिला नावही ठेवीत नाही! मी एक खाडा करून वॉर्डाच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "अहो, काय फरक पडतो?" मी म्हटलं, "पडतो. माझ्या डोळ्यांसमोर लिहा." आणि तिचं नाव सांगितलं, माहेरचं नव्हे, लग्नात तांदळात लिहिलं ते.

घरी मी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. "अगो" म्हणायचो. तीही मला "आयकलात?" एवढंच म्हणायची. कचेरीतून आलो तेव्हा ती हसून म्हणाली, "माझा नाव तुमच्या तोंडसून त्या कारकुनान आयकला. माका अजून आयकाक गावला नाय." मी म्हटलं, "ऐकशील कधीतरी." तेवढंच.

निवडणूक उन्हाळ्यात आली. उन्हाळ्यात आमची अर्धी चाळ कोकणात. आंबे, फणस, लग्नं, घराची शाकारणी. डॉक्टरांच्या माणसांचा जीव टांगणीला लागला. आपले मतदार गावी बसून फणस खाणार आणि वखारवाल्याचे इथं रांग लावणार. डॉक्टरांच्या माणसांत सगळ्यात पुढं माझा एक दोस्त होता. माझ्याच खात्यात, माझ्याच यंत्रावर, दुसऱ्या पाळीला. माझ्या लग्नात त्यानं बँडवाल्यांशी भांडण केलं होतं, इतका जवळचा.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी तो चिठ्ठ्या वाटत आला. चिठ्ठीवर यादीतला नंबर आणि नाव असतं. ती घेऊन गेलं की केंद्रावर नाव सापडायला सोपं जातं. त्यानं माझ्यासमोर दोन चिठ्ठ्या ठेवल्या.

"ही तुझी," तो म्हणाला, "आणि ही वहिनींची."

मी चिठ्ठी बघितली. तिचं नाव नीट लिहिलेलं होतं.

"यादी जुनी ना," तो म्हणाला. "नाव राहिलंय."

मी चिठ्ठी उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"नाव आहे म्हणजे मत आहे रे. वहिनींना नळाचा किती त्रास होता तुला ठाऊक आहे. त्यांचं मत छत्रीतच पडलं असतं की नाही?"

"पडलं असतं."

"मग झालं तर."

काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवसांत कुणी काही बोललं की माझ्यापर्यंत यायला वेळ लागायचा. तो म्हणाला, उद्या तू पोलिंग एजंट, पुरुषांच्या खोलीत बस, सगळ्यांना ओळखतोस. मी बरं म्हटलं. चिठ्ठ्या फळीवर ठेवल्या. सकाळी निघताना तो मला न्यायला आला, मी सदरा चढवीपर्यंत खोलीत उभा होता. फळीवर एकच चिठ्ठी होती, माझी. मी ती खिशात घातली. दुसरी नाही हे मला दिसलं. दिसलं एवढंच. त्यावर विचार काही आला नाही. मी त्याला हो म्हटलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो.

केंद्र म्युनिसिपालटीच्या शाळेत होतं. दोन खोल्या, एक पुरुषांची, एक बायकांची. बायकांच्या खोलीवर साहेब म्हणून पार्ल्याचे एक मास्तर नेमले होते. धोतर, कोट, गळ्याशी बटण, एवढ्या उन्हात. त्यांच्या शेजारी यादी घेतलेला कारकून, त्याच्या पुढं शाईची बाटली घेऊन बसलेला दुसरा, त्याच्याही पुढं कागद देणारा, आणि कोपऱ्यात चादर टांगून केलेला आडोसा. आडोशामागं पेट्या ठेवलेल्या, ज्याच्या त्याच्या चिन्हाच्या. भिंतीला लागून बाकावर उमेदवारांचे एजंट. एजंटचं काम माणूस ओळखायचं. कुणी दुसऱ्याच्या नावावर आला तर बोटाला शाई लागायच्या आत बोलायचं. शाई लागून कागद हातात पडला की मग बोलून उपयोग नाही.

मी पुरुषांच्या खोलीत बसलो होतो. तासाभरात मास्तरांचा शिपाई आला, "चाळीतला कुणी माणूस आहे का? साहेबांनी बोलावलंय, बायका नावं सांगत नाहीत."

मी गेलो. खोलीत नुसता गोंधळ. बायकांची रांग बाहेर पटांगणापर्यंत. टेबलाशी आमच्या खालच्या मजल्यावरची एक उभी होती, मास्तर कपाळाचा घाम पुशीत होते.

"बाई, तुमचं नाव कळलं. नवऱ्याचं सांगा."

"त्येंचाच."

"त्यांचं म्हणजे कुणाचं?"

"आमच्या झिलाच्या बापाशीचा."

"मुलाचं नाव काय?"

"तेचा नाव आजोबाचा ठेवला, म्हणजे माझ्या सासऱ्याचा. ता पण कसा घेव?"

मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "गो, मास्तरांकाच घोवाचा नाव ठेवूक सांग." मास्तर म्हणाले, "अहो, मी ठेवून काय उपयोग, यादीत असायला हवं!"

मी दारातूनच नाव सांगितलं. मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू देवच आला. "बसा. तुम्ही इथंच बसा. हलू नका." डॉक्टरांचा जो एजंट तिथं आधी होता त्याला त्यांनी पुरुषांकडे पाठवलं. वखारवाल्याच्या एजंटनं, तो त्यांच्या वखारीतला हिशेबनीस होता, आधी कुरकुर केली, पण मी त्यांच्याही बाजूच्या बायकांची नावं सांगायला लागलो तेव्हा गप्प झाला.

अशी मी सगळी सकाळ दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं घेतली. बाई पुढं यायची, मास्तर विचारायचे, बाई माझ्याकडे बघायची, मी नाव सांगायचो, कारकून रेघ मारायचा, बोटाला शाई, पुढं चला. एकीनं आडोशाकडे जाताना चपला काढल्या. आतून कुंकवाचं बोट लावूनच बाहेर आली, कुठल्या पेटीला लावलं ते तिलाच ठाऊक. मास्तर म्हणाले, मी ठाण्याकडे लोकल बोर्डालाही काम केलंय, सगळ्या इलाख्यात हीच रड. बायका मत द्यायला येतात, नवऱ्याचं नाव द्यायला येत नाहीत.

मला ते काम बरं वाटत होतं. यंत्रासारखंच होतं. बाई आली, नाव सांग.

दुपारच्या सुमाराला शेजारची काकी रांगेत दिसली. तिच्यापुढं एक अनोळखी बाई. टेकडीच्या वरच्या अंगाला दगडाच्या खाणीवर काम करणाऱ्यांची वस्ती होती, तिथली असावी. काळी, वाळलेली, अंगावर धुवट नऊवारी, हातात मात्र कोऱ्या हिरव्या बांगड्या. ती टेबलाशी आली. चिठ्ठी पुढं केली.

"नाव?" मास्तर म्हणाले.

तिनं माझ्या बायकोचं नाव सांगितलं.

"नवऱ्याचं नाव?" असं म्हणून मास्तरांनी सवयीनं माझ्याकडे मान वळवली.

माझं तोंड उघडायच्या आधीच त्या बाईनं नाव घेतलं. आधी माझं, मग माझ्या बापाचं, मग आडनाव. न अडखळता, खणखणीत, शाळेतली पोरं पाढा म्हणतात तसं.

मागच्या रांगेत "अगो बाय!" झालं. कुणीतरी म्हणालं, "घेतलान गो नाव! सगळ्या लोकांत!" आणि मास्तर खूष. टेबलावर हात मारून म्हणाले, "शाबास! बघा बायांनो. काही बिघडलं का? आभाळ पडलं का? अशी बाई पाहिजे."

कारकुनानं यादीत बोट फिरवून नाव काढलं आणि रेघ मारली. शाईवाल्यानं तिचा डावा हात पुढं घेतला.

मी बघत होतो. एका बाईच्या तोंडून नवरा म्हणून माझं नाव मी उखाण्यानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. ते नाव माझंच आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. वाईट वाटलं, राग आला असं काही झालं नाही. मला इतकंच वाटलं की या बाईला ते इतकं सोपं गेलं कारण मी तिचा कुणी नव्हे. आणि शाईवाल्यानं काडी बुडवली. आता ती काडी बोटाला लागली की तिनं मत दिलं असं होणार होतं. यादीत, सरकारात, कायमचं. जिला ते द्यायचं होतं तिनं दिलं नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं.

शाईवाला थांबला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"ही ती नव्हे."

"कोण नव्हे?"

"यादीतली."

"तुम्हाला काय माहीत?"

"यादीतली माझी बायको आहे."

मास्तर गोंधळले. "म्हणजे ही तुमची बायको?"

"ही नव्हे. यादीतली."

"मग ती कुठाय? गावी गेलीय?"

"नाही."

"मग?"

तोवर मी तो शब्द उच्चारला नव्हता. लोक म्हणायचे, गेली, वारली, देवाघरी गेली, मी मान हलवायचो. मी तिचं नाव घेतलं, पूर्ण, यादीत होतं तसं. आणि म्हटलं, "मेली ती."

वखारवाल्याचा हिशेबनीस उठून उभा राहिला. "पोलिसात द्या! छत्रीवाल्यांनी आणलीय हिला! लिहून घ्या साहेब, छत्रीवाल्यांनी—"

"ओरडू नको," मी म्हटलं. "आक्षेप मी घेतलाय. तू नाही."

"तुम्ही छत्रीचेच ना?" मास्तरांनी मला विचारलं.

"छत्रीचाच."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्या बाईला विचारलं, "बाई, खरं सांग. तूच का ती?"

ती बाई माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात मागून काकी पुढं आली, मास्तरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तरानू, तो खरा बोलता. तिका शेवटचा न्हाण मीया घातलंय."

मग विचारायचं काही राहिलं नाही. मास्तरांनी चिठ्ठी काढून घेतली, कारकुनाला रेघेपुढं काहीतरी लिहायला सांगितलं. हिशेबनीस पोलीस पोलीस करीतच होता. दाराशी हवालदार होता, तो आत डोकावला. मी मास्तरांना म्हटलं, "तिला जाऊ द्या. तिला पढवून पाठवलेली आहे." मास्तरांनी तिला दम दिला, पुन्हा आलीस तर तुरुंगात जाशील वगैरे, आणि सोडली. मग मला म्हणाले, "तुम्ही थोडं बाहेर जाऊन या. पाणी प्या."

पटांगणात निंबाच्या झाडाखाली ती बाई बसली होती. मला बघून उठली. मारायला आलोय असं तिला वाटलं असावं.

"दादा, मला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "मला म्हनले, ती बाळंतपनाला म्हायेरी गेलीया, येत न्हाई. तिचं मत वाया जाईल. म्हनून आले."

"कोण म्हणालं?"

तिनं फाटकाकडे बोट केलं. तिथं माझा दोस्त उभा होता.

"बाळंतपणाला म्हणाला?"

"व्हय."

बाळंतपणाला माहेरी. उन्हाळ्यात जातातच बायका. मी रविवारी बोटीचं तिकीट काढलं असतं, पाळी बदलून घेतली असती.

"कशानं गेली दादा?" त्या बाईनं विचारलं.

"तापानं."

"लई दिस झालं?"

"शिमग्याला."

"माजी धाकली बहीन बी तापानंच गेली," ती म्हणाली, आणि हातातल्या बांगड्या मागं सरकवून पदरानं तोंड पुसून निघून गेली. मला कुणी असं सरळ विचारलं नव्हतं, ते तिनं विचारलं. एवढंच आठवतं.

दोस्त फाटकापाशी वाटच बघत होता. "अरे, तू पुरुषांच्या खोलीत होतास ना?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"मला इकडे बोलावलं."

"मग गप्प बसता येत नव्हतं? आपल्याच पेटीत पडणारं मत! हसताहेत वखारवाले. सगळ्या घाटकोपरात बोंब मारतील आता. तुझ्या एकट्यापायी डॉक्टर पडले तर?"

"पडले तर पडले."

"मी तुला काल विचारलं होतं."

"मी हो म्हटलं नव्हतं."

"नाहीही म्हटलं नव्हतंस, मेल्या!"

हे खरं होतं.

त्याचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, वहिनींचं मत वहिनींना हवं तिथंच जात होतं. तू सांग, यात त्यांचं काय वाईट झालं असतं?"

"तिनं माझं नाव घेतलं नसतं," मी म्हटलं.

"काय?"

"माझी बायको असती तर माझं नाव घेतलं नसतं. काकीला हाक मारली असती."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू या माणसाचं डोकं फिरलंय. कदाचित तसंही असेल. पुढची बरीच वर्षं आम्ही एकाच यंत्रावर दोन पाळ्यांत काम केलं आणि पाळी बदलताना एकमेकांना यंत्राचं सोडून दुसरं काही सांगितलं नाही.

मी आत गेलो, पुरुषांच्या खोलीत, माझी चिठ्ठी दाखवली, माझं नाव मीच सांगितलं. शाई लावून घेतली. आडोशामागं गेलो. छत्रीच्या पेटीत कागद टाकला. हे मुद्दाम लिहितोय, कारण मी वखारवाल्याला मत दिलं असंही बोलतात. त्यानंतर परत बायकांच्या खोलीत जाऊन बाकावर बसलो आणि संपेपर्यंत नवऱ्यांची नावं सांगितली. आता बायका माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. काहीजणींनी तर स्वतःच नवऱ्याचं नाव हळूच सांगून टाकलं, माझ्याकडून घ्यायला नको म्हणून.

पेट्यांना लाख लावून सील केलं, एजंटांच्या सह्या घेतल्या. मी माझी सही केली, अंगठा नव्हे. बाहेर डॉक्टर आले होते. त्यांच्या कानावर गेलं होतं. ते माझ्यापाशी थांबले. मला वाटलं काहीतरी बोलतील, चांगलं किंवा वाईट. ते म्हणाले, "मला यातलं ठाऊक नव्हतं." मी म्हटलं, "मला माहीत आहे." ते म्हणाले, "जेवलास का?" मी म्हटलं, हो. जेवलो नव्हतो. ते दवाखान्यात गेले.

डॉक्टर पडले, हे पुढं कळलं. थोडक्यात नव्हे, चांगले पडले. एका मताचा तो फरक नव्हता, पण चाळीला ते कुणी समजावायचं? जोवर नळ आला नाही तोवर पाण्याच्या रांगेत भांडण झालं की कुणीतरी माझ्या खोलीकडे बोट दाखवायचंच. दाखवू देत.

त्या संध्याकाळी खोलीवर आलो. दारात काकीनं तांब्या भरून ठेवला होता. मी पाणी प्यालो आणि आडवा झालो. बोटावरच्या शाईकडे बघत राहिलो. तिच्या बोटाला ती लागायची राहिली, एवढं एकच मनात येत होतं, आणि तेही नुसतं, एखाद्या दुसऱ्याची गोष्ट असावी तसं. मग झोप लागली.

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठलो. दाराशी पालथी पडलेली कळशी उचलली. आतून कोळ्यानं जाळं केलं होतं आणि पितळ काळं पडलं होतं. फळीवर तिनं बरणीत चिंच ठेवली होती, ती थोडी भिजवली आणि कळशी घासली, आतून, बाहेरून, गळ्याच्या खाचेत बोट घालून. काकीच्या तांब्यातलं उरलेलं पाणी धुवायला लागलं. मग नळावर गेलो. बायकांची रांग होती. मला बघून सगळ्या बोलायच्या थांबल्या. कालचं सगळ्यांना ठाऊक होतं. काकी म्हणाली, "भरून देतंय मी, तू जा कामाक." मी नको म्हटलं. शेवटच्या डब्यामागं कळशी ठेवली आणि तिथं उभा राहिलो. डबे एकेक पुढं सरकत गेले. माझी पाळी आली तेव्हा उजाडलं होतं आणि धार बारीक झाली होती. कळशी भरायला वेळ लागला. भरल्यावर ती खांद्यावर घेतली, अर्धा सदरा भिजला, खोलीत आणून ठेवली, तिच्यावर वाटी झाकली, आणि पहिल्या पाळीला गेलो.